एका थेंबातली प्रयोगशाळा : लोहचुंबकाच्या इशाऱ्यावर चालणारं पाणी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धाकट्या बहिणीला दिवस पूर्ण भरायच्या आधीच मुलगी झाली. वजन अकराशे ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलेली ती एवढीशी पोर आम्ही दारातूनच बघत होतो. रोज सकाळी सिस्टर यायच्या, तिच्या इवल्याशा टाचेला सुई टोचायच्या आणि बारीक नळीत रक्त घेऊन जायच्या. कधी साखर बघायला, कधी कावीळ, कधी जंतुसंसर्ग. चौथ्या दिवशी अम्मीला राहवलं नाही. ती म्हणाली, "अरे, एवढ्याशा जिवाचं रोज रोज रक्त काढतात, मग उरणार किती?"

आम्ही शिक्षक माणूस. लगेच उत्तर दिलं, "अम्मी, शरीरात रक्त तयार होत असतं. काळजी करू नकोस." पण घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा कळलं, की अम्मीचा प्रश्न आमच्या उत्तरापेक्षा शहाणा होता.

नवजात बाळाच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण ८० ते ९० मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे अकराशे ग्रॅमच्या बाळात सगळं मिळून नव्वदेक मिलिलिटर. टपरीवरच्या कटिंग चहाचा एक ग्लास. आपल्यासारख्या मोठ्या माणसात साधारण पाच लिटर असतं. त्या बाळाचं एक मिलिलिटर रक्त काढणं म्हणजे मोठ्या माणसाचं पन्नास-पंचावन्न मिलिलिटर काढण्यासारखं. तेही रोज. वेळेआधी जन्मलेल्या बाळांचं हिमोग्लोबिन कमी होण्यामागे वारंवार केलेल्या तपासण्या हे एक मोठं कारण असतं, हे डॉक्टर मंडळींना चांगलं माहीत आहे. आमच्या भाचीलाही पुढे थोडं रक्त चढवावं लागलं. तपासण्या गरजेच्याच होत्या, त्यात कुणाची चूक नव्हती. पण प्रश्न मनात राहिलाच. तपासणीला एवढं रक्त लागतंच कशाला? एका थेंबाच्याही छोट्याशा भागात काम होणार नाही का?

जगभरातले शास्त्रज्ञ बरीच वर्षं याच प्रश्नाच्या मागे आहेत. त्यांनी शोधलेल्या वाटांपैकी एक वाट लोहचुंबकाची आहे. ती आज समजून घेऊ या.

थेंब म्हणजे नेमका किती?

औषधाच्या ड्रॉपरमधून पडणारे साधारण २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. एका मिलिलिटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोलिटर. म्हणजे ड्रॉपरचा एक थेंब सुमारे ५० मायक्रोलिटरचा. एक मायक्रोलिटर पाण्याची गोळी केली तर तिची रुंदी सव्वा मिलिमीटरच्या आसपास भरते, मोहरीच्या लहान दाण्याएवढी. पाण्याच्या लिटरभर बाटलीत असे दहा लाख दाणे बसतात.

प्रयोगशाळेत होणाऱ्या बऱ्याच रासायनिक क्रिया अशा एका दाण्यात आरामात होऊ शकतात. उलट लहान जागेत त्या लवकर होतात. कारण सोपं आहे. द्रवातले रेणू इकडून तिकडे आपोआप पसरत असतात. अंतर दहापट कमी झालं, तर त्यांना पोहोचायला लागणारा वेळ दहापट नव्हे, शंभरपट कमी होतो. मोठ्या मैदानात हरवलेला माणूस शोधणं वेगळं आणि एका खोलीत शोधणं वेगळं. शिवाय महागडी रसायनं कमी लागतात, कचरा कमी होतो.

मग अडचण कुठे आहे? अडचण आहे ती थेंब हलवण्यात. मोहरीएवढा थेंब चिमटीत धरता येत नाही. बारीक नळ्यांमधून ढकलायचा तर पंप हवेत, जोडण्या हव्यात. नळी तुंबली की सगळं ठप्प. विजेच्या जोरावर थेंब सरकवण्याचीही पद्धत आहे आणि ती चांगली चालते, पण तिला खास बनवलेली चिप आणि बऱ्यापैकी जास्त व्होल्टेज लागतं. लोहचुंबकाचं तसं नाही. ते खालून, न शिवता, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पलीकडूनही ओढतं.

अळूच्या पानावरचा प्रयोग

आम्ही आठवीच्या वर्गात हा प्रयोग करून दाखवतो. लहानपणी आपण सगळ्यांनीच जुना स्पीकर फोडून त्यातलं लोहचुंबक काढलेलं असतं आणि बांधकामाच्या वाळूत फिरवलेलं असतं. त्याला काळे बारीक कण चिकटतात. ते कण फडक्यातून चाळून अगदी बारीक तेवढे घ्यायचे. अळूचं एक ताजं पान घ्यायचं. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो मोत्यासारखा गोल उभा राहतो. पानावर मेणासारखा थर आणि डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, त्यामुळे थेंब पानाला चिकटत नाही. आता त्या थेंबात चिमूटभर काळे कण सोडायचे आणि पानाच्या खालून लोहचुंबक हळूहळू फिरवायचं.

थेंब चालू लागतो! पोरं ओरडतात, "सर, पाणी पळतंय!"

खरं तर लोहचुंबक पाण्याला ओढत नाही, ते कणांना ओढतं. कण थेंबाच्या कडेला जाऊन आतून ढकलतात. पाण्याचा पृष्ठताण म्हणजे थेंबाभोवतीची ताणलेली कातडीच समजा. ती कणांना सहज बाहेर पडू देत नाही. म्हणून कणांच्या मागे अख्खा थेंब ओढला जातो. मेंढ्यांच्या कळपात पुढची मेंढी निघाली की सगळा कळप निघतो, तसंच काहीसं.

याच प्रयोगात दुसरी गंमतही दिसते. लोहचुंबक झटकन ओढलं, तर कण थेंब फोडून बाहेर येतात आणि पाणी मागेच राहतं. वर्गात याला आपण प्रयोग फसला म्हणतो. पण ही 'फसगत' शास्त्रज्ञांनी फार हुशारीने वापरली आहे. ती कशी, ते पुढे बघू.

रॉकेटच्या इंधनापासून सुरुवात

वाळूतले कण जाडेभरडे असतात. थोड्या वेळाने तळाशी बसतात, एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. प्रयोगशाळेत हे चालत नाही. तिथे दोन प्रकारचा माल वापरतात.

पहिला म्हणजे फेरोफ्लुइड, चुंबकाला दाद देणारा द्रव. १९६३ साली अमेरिकेच्या नासामध्ये काम करणाऱ्या स्टीव्ह पॅपेल यांनी तो तयार केला. हेतू वेगळाच होता. अवकाशात वजन जाणवत नाही, त्यामुळे टाकीतलं इंधन खाली न बसता कुठेही तरंगतं. त्यात चुंबकीय कण मिसळले तर लोहचुंबकाने ते पंपाच्या तोंडाशी आणता येईल, अशी कल्पना होती. रॉकेटसाठी पुढे वेगळे उपाय निघाले, पण हा द्रव टिकला. आज तो लाउडस्पीकरमध्येही वापरतात. यातले कण मॅग्नेटाइटचे म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे असतात. आकार साधारण १० नॅनोमीटर, आपल्या केसाच्या जाडीचा सात-आठ हजारावा भाग. प्रत्येक कणावर साबणासारख्या पदार्थाचा लेप असतो, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि तळाशीही बसत नाहीत.

दुसरा माल म्हणजे चुंबकीय मणी. हे काही मायक्रोमीटर आकाराचे असतात. नॉर्वेतले रसायनशास्त्रज्ञ जॉन उगेलस्टाड यांनी १९७०च्या दशकात एकसारख्या आकाराचे प्लास्टिकचे सूक्ष्म मणी बनवण्याची पद्धत शोधली आणि त्यातूनच पुढे चुंबकीय मणी आले. मण्याच्या पोटात लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण आणि अंगावर हवा तो लेप. लेप जसा, तसं त्याचं काम. एखादा मणी फक्त विशिष्ट प्रथिनाला पकडतो, एखादा डीएनएला.

या दोन्हींत एक मोठा गुण आहे. लोहचुंबक जवळ असलं की ते चुंबकासारखे वागतात, दूर केलं की सगळं विसरून जातात. साधी खिळ्याची टाचणी चुंबकावर घासली की थोडं चुंबकत्व धरून ठेवते, तसं यांचं होत नाही. म्हणून त्यांना गोळा करता येतं आणि पुन्हा मोकळंही सोडता येतं.

थेंबांची रांग, हीच प्रयोगशाळा

आता अळूच्या पानावरची 'फसगत' आठवा. समजा, घशातून घेतलेल्या नमुन्यात विषाणूचा आरएनए आहे का, ते बघायचंय. एका सपाट, पाणी न धरणाऱ्या पट्टीवर चार-पाच थेंब रांगेत ठेवले.

पहिल्या थेंबात नमुना, चुंबकीय मणी आणि विषाणूचं कवच फोडणारं खारट रसायन. कवच फुटलं की आरएनए बाहेर येतो आणि मण्यांना चिकटतो. आता खालून लोहचुंबक सरकवायचं. मणी थेंबातून बाहेर निघतात, सोबत आरएनए. बाकी कचरा मागेच राहतो. मणी दुसऱ्या थेंबात जातात. तिथे अल्कोहोलचं मिश्रण असतं, त्यात ते धुतले जातात. तिसऱ्या थेंबात पुन्हा धुणं. चौथ्या थेंबात जवळजवळ साधं पाणी असतं. तिथे क्षार नसल्यामुळे आरएनए मण्यांची साथ सोडतो. मग मणी बाजूला ओढून घ्यायचे आणि स्वच्छ आरएनए पुढच्या तपासणीला तयार.

मोठ्या प्रयोगशाळेत याच पायऱ्या नळ्या, पिपेट आणि यंत्रं वापरून करतात. करोनाच्या काळात अनेक ठिकाणी आरएनए वेगळा करायला चुंबकीय मणीच वापरले जात होते. इथे फरक एवढाच, की ओतणं, गाळणं, ढवळणं ही सगळी कामं एकटं लोहचुंबक करतं. थेंब म्हणजे परीक्षानळी, मणी म्हणजे हमाल आणि लोहचुंबक म्हणजे मुकादम.

दोन थेंब एकत्र आणले तर ते मिसळतात. चुंबक गोल फिरवलं तर आतले कण फिरून थेंब ढवळला जातो. म्हणजे मिसळणं, ढवळणं, वेगळं करणं, नेणं, सगळंच आलं.

मेरठचा मुलगा आणि पाण्याचा संगणक

आता एका माणसाचं नाव सांगायलाच हवं. मनु प्रकाश. जन्म मेरठचा, शिक्षण आयआयटी कानपूरला, पुढे अमेरिकेत एमआयटीला डॉक्टरेट, आणि आता स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक. कागदाची घडी घालून बनवलेला, एक डॉलरपेक्षा कमी खर्चात तयार होणारा 'फोल्डस्कोप' हा सूक्ष्मदर्शक यांच्याच प्रयोगशाळेतला. आपल्या देशातल्या अनेक शाळांमध्ये तो पोहोचला आहे.

२०१५ साली मनु प्रकाश, जॉर्जिओस कात्सिकिस आणि जिम सिबुल्स्की यांनी 'नेचर फिजिक्स' या नियतकालिकात एक काम प्रसिद्ध केलं. त्यांनी काचेच्या पट्टीवर लोखंडाच्या धातूमिश्रणाचे अगदी बारीक तुकडे एका नक्षीत बसवले. वर तेल पसरलं आणि त्यात चुंबकीय कण मिसळलेले पाण्याचे थेंब सोडले. चिप पोस्टाच्या तिकिटाच्या निम्म्या आकाराची आणि थेंब खसखशीच्या दाण्याहूनही लहान. सभोवती चुंबकीय क्षेत्र फिरवलं. क्षेत्राची दिशा बदलली की लोखंडाचे तुकडे वेगळ्या टोकाला चुंबक बनतात आणि थेंब त्या टोकाकडे सरकतो. एका फेरीत एक पाऊल. सगळे थेंब एकाच ठेक्यावर, कवायतीच्या मैदानावर पोरं पावलं टाकतात तसे.

यात खुबी अशी, की दोन थेंब जवळ आले की एकमेकांना ढकलतात. वाटेत दुसरा थेंब असेल तर पहिला एका रस्त्याने जातो, नसेल तर दुसऱ्या. थेंब आहे म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. संगणकाचं सगळं तर्कशास्त्र याच दोन आकड्यांवर चालतं. पण मोबाइलमधल्या चिपशी शर्यत लावायची, हा यामागचा हेतू नव्हताच. वीज लाखो पटींनी वेगवान आहे. हेतू हा, की एका बाह्य चुंबकीय क्षेत्राने शेकडो थेंबांना एकाच वेळी शिस्तीत चालवता यावं, आणि प्रत्येक थेंबात हवं ते रसायन भरता यावं.

एका थेंबाला एक मुकादम

वरच्या पद्धतीत सगळे थेंब एकाच तालावर चालतात. पण एखाद्याच थेंबाला वेगळ्या कामाला पाठवायचं असेल तर? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधील संशोधकांनी याचं उत्तर दिलं. त्यांनी सर्किट बोर्डवर तांब्याच्या छोट्या छोट्या कॉइलची जाळी बनवली आणि त्यावर काही मिलिमीटर आकाराची लोहचुंबकं ठेवली. ज्या कॉइलमधून वीज सोडावी तिकडे ते लोहचुंबक सरकतं, आणि वरच्या पट्टीवरचा थेंब त्याच्यामागे जातो. प्रत्येक लोहचुंबक म्हणजे एक छोटा रोबोट. २०२० साली हे काम 'सायन्स रोबोटिक्स'मध्ये आलं आणि २०२२ साली याच तंत्राने करोनाची तपासणी करून दाखवल्याचा निबंध 'नेचर'मध्ये आला.

त्यात आरटीपीसीआरऐवजी लॅम्प नावाची पद्धत वापरली होती. पीसीआरला नमुना पुन्हा पुन्हा तापवावा आणि थंड करावा लागतो. लॅम्पला ६५ अंशांच्या आसपास एकच तापमान पुरतं. त्यामुळे यंत्र साधं राहतं.

या यंत्राने अनेकांचे नमुने एकत्र मिसळून तपासण्याचं कामही केलं. ही युक्ती जुनी आहे. १९४३ साली अमेरिकेत रॉबर्ट डॉर्फमन यांनी सैन्यातल्या जवानांच्या रक्ततपासणीसाठी ती मांडली होती. आपल्याकडे आयसीएमआरनेही एप्रिल २०२० मध्ये करोनासाठी पाच-पाच नमुने एकत्र तपासायला परवानगी दिली होती. हिशेब बघा. २५ माणसं आहेत आणि त्यात एकालाच आजार आहे. पाच-पाचांचे पाच गट केले, पाच तपासण्या झाल्या. एक गट पॉझिटिव्ह निघाला, त्यातल्या पाच जणांची वेगळी तपासणी. एकूण दहा. २५ऐवजी दहा तपासण्यांत काम झालं. थेंब मिसळणं लोहचुंबकावर सोपवलं की हा सगळा खेळ माणसाचा हात न लागता होतो.

एका थेंबात सगळं? जरा थांबा

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग आता बोटाच्या एका थेंबात सगळे रिपोर्ट! असं म्हणणाऱ्यांपासून जपून राहिलेलं बरं. अमेरिकेत एलिझाबेथ होम्स यांनी २००३ साली थेरानोस नावाची कंपनी काढली. बोटातून घेतलेल्या काही थेंबांत कितीतरी तपासण्या करतो, असा त्यांचा दावा होता. त्यांचं तंत्र चुंबकाचं नव्हतं, पण स्वप्न हेच होतं. २०१५ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने त्यातला पोकळपणा उघड केला. २०२२ साली गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल त्या दोषी ठरल्या आणि अकरा वर्षांहून अधिक शिक्षा झाली. ज्या रुग्णांनी त्या रिपोर्टांवर भरवसा ठेवला, त्यांच्या काळजीची भरपाई कोण करणार?

थेंबाला निसर्गाचीच मर्यादा आहे. समजा, एक मिलिलिटर रक्तात एखाद्या विषाणूचे फक्त दहाच कण आहेत. तर एका मायक्रोलिटरच्या शंभर थेंबांपैकी सुमारे नव्व्याण्णव थेंबांत एकही कण सापडणार नाही. यंत्र कितीही चांगलं असो, जे थेंबात नाहीच ते दिसणार कसं? म्हणजे साखर, बिलिरुबिन अशा भरपूर असलेल्या गोष्टींसाठी थेंब पुरतो. विरळ गोष्टींसाठी जास्त नमुना घ्यावाच लागतो. तिथे चुंबकीय मणी उपयोगी पडतात, कारण ते मोठ्या नमुन्यातून हवी ती गोष्ट वेचून एका थेंबात आणू शकतात.

बाकी अडचणीही आहेत. मोहरीएवढा थेंब उघड्यावर काही मिनिटांत सुकू लागतो, म्हणून तेलाखाली ठेवावा लागतो. रक्तातली प्रथिनं पट्टीला चिकटतात, मग थेंब अडकतो. बोट जोरात दाबलं तर रक्तपेशी फुटून काही आकडे चुकतात. काळ्या कणांमुळे थेंबाचा रंग तपासणं अवघड होतं. प्रयोगशाळेत चाललेली गोष्ट तालुक्याच्या दवाखान्यात, उन्हाळ्यात, लाइट गेल्यावरही तशीच चालेल का, हे सिद्ध व्हायला वेळ लागतो.

तरीही वाट खरी आहे. नवजात बाळांसाठी थेंबांवर चालणारं एक यंत्र प्रत्यक्षात आलेलं आहे. अमेरिकेतल्या बेबीज नावाच्या कंपनीच्या 'सीकर' यंत्राला तिथल्या औषध प्रशासनाने २०१७ साली मान्यता दिली. टाचेतून कागदावर घेतलेल्या वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरून ते चार दुर्मिळ आनुवंशिक आजारांची चाचपणी करतं. त्यातले थेंब विजेने सरकतात, लोहचुंबकाने नव्हे. पण थेंबाला प्रयोगशाळा मानणारं यंत्र बाळांच्या कामी येऊ शकतं, हे त्यातून दिसलं.

आपल्या घरासाठी काय?

हे तंत्र आपल्या दवाखान्यात येईल तेव्हा येईल. तोवर दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. घरात लहान बाळ किंवा अशक्त म्हातारं माणूस दवाखान्यात असेल, तर डॉक्टरांना अदबीने विचारायला काहीच हरकत नाही, की आजच्या सगळ्या तपासण्या एकाच वेळी घेतलेल्या रक्तात होतील का. जुने रिपोर्ट फाइलमध्ये नीट ठेवले, तर तीच तपासणी पुन्हा करायची वेळ कमी येते. पण घाबरून तपासणीच नाकारणं, हे मात्र मुळीच नको.

दुसरी गोष्ट मुलांची, आणि विशेष करून मुलींची. आमच्या वर्गात अळूच्या पानावर थेंब पळताना बघून सगळ्यात जास्त प्रश्न मुलीच विचारतात. दहावीनंतर त्यातल्या कितीतरी जणी घरी बसतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि थोडं संगणक, हे चारही विषय या एका थेंबात एकत्र आलेत. बारावी सायन्सनंतर डीएमएलटी केलं तरी तपासणीच्या क्षेत्रात पाय ठेवता येतो. पुढे शिकलं तर संशोधनाचं दार आहेच. मेरठहून निघालेला मुलगा थेंबांना कवायत शिकवू शकतो, तर मालेगाव, मिरज, चिपळूणची मुलगी का नाही?

आमची ती भाची आता तिसरीत आहे. धडधाकट आहे, बोलते भरपूर. परवा तिने वाळूतले काळे कण कागदावर नाचवले आणि अम्मीला दाखवले. अम्मीने बघितलं आणि विचारलं, "हे कशाला उपयोगी पडतं गं?"

या वेळी मात्र आम्ही घाईने उत्तर दिलं नाही. तिला शेजारी बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. प्रश्न मुळात तिचाच होता.